तळाचा बंदोबस्त

नागोया शहरातील भुयारी रेल्वेच्या हिगाशियामा मार्गाने मुख्य स्थानकापासून पश्चिमेकडे निघाले असता तिसरे स्थानक 'नाकामुरा निस्सेकी' या नावाचे लागते. 'निस्सेकी' हा जपानी रेड क्रॉसच्या नावाचा लोकांनी रूढ केलेला संक्षेप असून, जवळच असलेल्या रेड क्रॉस रुग्णालयावरून स्थानकास हे नाव पडले आहे. पुढचे स्थानक नाकामुरा उद्यानाचे. हिदेयोशी या सेनानीचे जन्मस्थान म्हणून जपानी माणूस तेथे मोठ्या श्रद्धेने जातो. आपल्या प्रस्तुत विषयास मात्र अलीकडचेच स्थानक अधिक उपयोगी, कारण स्त्रियांचे मूत्रविकार आणि अंग बाहेर येण्याची व्याधी यांकरिता या रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे, आणि डॉ. कुमिको कातो या मूत्रशल्यविशारद बाईंचे नाव त्याच्याशी दीर्घकाळ निगडित आहे.

या व्याधीला जुन्या जपानी बायका 'नासुबी', म्हणजे वांगे, म्हणत. न्हाताना हातास काहीतरी गोल लागले, तर त्याला नाव द्यावयाचे ते परसातल्या भाजीचे! आमच्याकडेही 'अंग बाहेर आले' एवढेच म्हणतात. कोणते अंग, हे सांगण्याची सोय मराठीने ठेवलेली नाही आणि ती असावी अशी कोणाची मागणीही नव्हती. या मौनाचा परिणाम काय होतो, याचा दाखला गडचिरोलीत मिळतो. डॉ. राणी व अभय बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, परंतु त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या.

हे अंग म्हणजे मूत्राशय, गर्भाशय किंवा गुदाशय. ओटीपोटातील ही तीन इंद्रिये कशाच्या आधारावर राहतात, हे समजण्यास बंदरात बांधलेल्या मचव्याकडे पाहावे. मचव्याला दोरखंड असतात, तथापि त्याचा भार दोरखंडांवर नसून पाण्यावर असतो. ओहोटीने पाणी ओसरले की तोच भार दोरांवर येतो, दोर ताणतात आणि कालांतराने तुटतात. शरीरातील बंध म्हणजे हे दोर, आणि पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू म्हणजे हे पाणी. प्रसूतीत ही झोळी ताणली जाते, कधी एका बाजूने हाडापासून सुटतेही; वय, जुनाट खोकला, मलावरोध व नित्याचे ओझे उचलणे यांनी उरलेली कसर भरून निघते.

शस्त्रक्रिया दुरुस्त करते ते दोरखंड. पोटातून केल्या जाणाऱ्या एका प्रकारात योनीचा वरचा भाग जाळीच्या पट्टीने त्रिकास्थीला बांधतात. दुर्बिणीतून केलेली ही शस्त्रक्रिया जपानच्या सार्वजनिक विम्यात 2014 साली व यंत्रमानवाच्या साहाय्याने केलेली 2020 साली दाखल झाली. येथे आपल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर आठवल्याखेरीज राहत नाहीत. गर्भाशयमुखाच्या टाक्यामुळे ते जगभर प्रसिद्ध झाले, परंतु तरुण स्त्रियांच्या या व्याधीसाठी मांडीच्या आवरणाची पट्टी घेऊन गर्भाशय त्रिकास्थीला बांधण्याची त्यांची रीतही ग्रंथांत त्यांच्याच नावाने नोंदलेली आहे.

मग पाण्याचा बंदोबस्त कोणी करावयाचा? अमेरिकेतील आर्नल्ड कीगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 साली या स्नायूंच्या व्यायामाची पद्धती मांडली, आणि तेव्हापासून त्याचे नाव व्यायामालाच चिकटले. या व्यायामाच्या फलश्रुतीविषयी मात्र अवाजवी गोष्टी सांगितल्या जातात, म्हणून दोन चाचण्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवून पाहणे इष्ट. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 447 स्त्रियांच्या चाचणीत, शस्त्रक्रिया न करता प्रशिक्षित व्यक्तीकडून व्यायाम शिकलेल्यांची लक्षणे वर्षाअखेर इतरांपेक्षा कमी झालेली दिसली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील 374 स्त्रियांच्या दुसऱ्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या आगेमागे व्यायामाचे शिक्षण दिल्याने सहा महिन्यांनी मूत्रविषयक तक्रारींत वा दोन वर्षांनी अंग पुन्हा उतरण्यात काही अधिक लाभ आढळला नाही. सारांश, व्यायाम केला म्हणजे शस्त्रक्रिया टिकेल, अशी हमी कोणी देऊ नये व कोणी घेऊ नये.

तरीही तो शिकावा, असे मी म्हणेन. खोकताना वा शिंकताना मूत्र निसटणे या तक्रारीवर त्याचा गुण सिद्ध झालेला आहे, आणि ही तक्रार पुष्कळदा अंगाच्या तक्रारीबरोबरच नांदते. अडचण आहे ती शिकण्याची. 1991 सालच्या एका अभ्यासात 47 स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन पाहिले, तेव्हा निम्म्यांना आकुंचन बरोबर साधले, परंतु चौथा हिस्सा स्त्रिया कुंथत होत्या. म्हणजे जो भार कमी करावयाचा तोच वाढवीत होत्या! मूलबंध शिकलेल्या योगाभ्यासी वाचकांना ही क्रिया परकी वाटणार नाही, परंतु त्यांनीही स्वतःला परीक्षेतून मुक्त समजू नये.

क्रिया अशी: वात अडवावा तसे मागील द्वार आवळावे आणि ते आवळणे पुढे मूत्रद्वारापर्यंत आणून आत व वर ओढावे, पोट, मांड्या व नितंब सैल, श्वास चालू. सहा ते आठ सेकंद धरून तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. अशी आठ-दहा आवर्तने, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. खोकण्यापूर्वी व वजन उचलण्यापूर्वी एकदा आवळून घेण्याची सवय लावावी. लघवी मध्येच अडवून सराव करू नये. शस्त्रक्रियेनंतर लघवीसाठी घातलेली नळी असेतोवर हे बंदच ठेवावे व शल्यविशारदाचा हुकूम झाल्यावरच पुन्हा आरंभ करावा. सुमारे सहा आठवडे जड काही उचलू नये आणि शौचाला कुंथावे लागणार नाही अशी आहाराची तजवीज आधीच करावी.

ज्या भगिनींना शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल त्यांना एकच विनंती: ती तारीख येण्यापूर्वी, तपासणीच्या वेळीच, डॉक्टरांना वा फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगावे, 'मी आवळते आहे, ते बरोबर होते का, हे हात लावून पाहून सांगा.'