औषधांचे नामकरण, कायदेशीर नियमन आणि संदर्भसाधने : परिचर्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना :

रुग्णालयात डॉक्टर औषध लिहून देतात, औषधनिर्माता ते पुरवितो आणि परिचारिका ते प्रत्यक्ष रुग्णास देते. या साखळीच्या पहिल्या दोन टप्प्यांवर राहिलेली चूक तिसऱ्या टप्प्यावर लक्षात येऊ शकते. मात्र तिसऱ्या टप्प्यावर झालेली चूक रोखण्यासाठी त्यापुढे कोणीही उभे नसते. म्हणूनच 'योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ' ही पंचसूत्री परिचर्या शिक्षणात आरंभापासून शिकविली जाते. यांपैकी 'योग्य औषध' हा शब्दप्रयोग दिसतो तितका सरळ नाही. एकाच औषधाला अनेक नावे असतात, भिन्न औषधांची नावे परस्परांसारखी असतात आणि देशपरत्वेही नाव बदलते. औषधाचे नाव नेमके ओळखणे, त्यामागील कायदा समजून घेणे आणि शंका आल्यास ती कोठे तपासावी हे माहीत असणे, या तिन्ही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत.

उद्दिष्टे :

१. औषधनामांचे प्रकार व त्यांतून उद्भवणारे धोके स्पष्ट करणे.
२. भारतातील औषध नियमनाची परिचारिकेच्या कामाशी असलेली सांगड दाखविणे.
३. उपलब्ध संदर्भसाधनांचे स्वरूप व मर्यादा विशद करणे.

औषधाची तीन नावे :

प्रत्येक औषधाला सामान्यतः तीन प्रकारची नावे असतात. पहिले रासायनिक नाव. ते रेणूची रचना सांगते, परंतु वॉर्डमध्ये त्याचा उपयोग नसतो. दुसरे जेनेरिक म्हणजे मूळ नाव आणि तिसरे कंपनीने दिलेले व्यापारी नाव. तापावरील परिचित औषधाचे रासायनिक नाव 'एन-(४-हायड्रॉक्सीफिनाइल) ॲसिटामाइड' असे आहे, मूळ नाव 'पॅरासिटामॉल' आहे, तर क्रोसिन, कालपोल, डोलो ही त्याची व्यापारी नावे होत. मूळ नाव एक आणि व्यापारी नावे अनेक, ही स्थिती बहुतेक औषधांबाबत आढळते.

मूळ नावांत जगभर एकवाक्यता असावी या हेतूने जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठराव करून आंतरराष्ट्रीय बिगरमालकी नावांची योजना हाती घेतली आणि १९५३ मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. या नावांवर कोणत्याही कंपनीची मालकी नसते. त्यांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे एका गटातील औषधांच्या नावांत समान शब्दांश योजलेला असतो. 'ओलॉल' हा प्रत्यय बीटा-अवरोधक औषधांचा (ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल), 'प्रिल' व 'सार्टन' हे रक्तदाबावरील दोन गटांचे (एनालाप्रिल, लोसार्टन), 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गटाचा, 'फ्लॉक्सासिन' एका जीवाणुरोधक गटाचा, तर 'सिलिन' पेनिसिलिन गटाचा निदर्शक आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद केस पेपरवर आहे आणि हाती ॲमॉक्सिसिलिनची व्हायल आहे, अशा वेळी या एका प्रत्ययाची ओळख रुग्णाचे प्राण वाचवू शकते.

तथापि प्रत्यय संपूर्ण वाचला पाहिजे. केवळ 'झोल' हा शेवट पाहून औषधाचा गट ठरविता येत नाही. ओमेप्राझोल आम्लता कमी करते, फ्लुकोनाझोल बुरशीविरोधी आहे, अल्बेंडाझोल जंतनाशक आहे, मेट्रोनिडाझोल अमीबा व काही जीवाणूंवर उपयुक्त आहे, तर ॲरिपिप्राझोल मनोविकारांत वापरले जाते. अर्धवट वाचलेला शब्दांश हा न वाचलेल्या शब्दांशापेक्षा अधिक घातक ठरू शकतो, कारण तो खात्रीचा आभास निर्माण करतो.

देशपरत्वे बदलणारी नावे :

आंतरराष्ट्रीय योजना असूनही काही औषधांची दुहेरी नावे प्रचलित आहेत. पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, पेथिडीनला मेपेरिडीन आणि ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड म्हणतात. उलट ॲड्रिनलिनचे आंतरराष्ट्रीय नाव एपिनेफ्रिन असून भारतात व ब्रिटनमध्ये ॲड्रिनलिन हेच नाव रुळलेले आहे. लिग्नोकेन व लिडोकेन, फ्रुसेमाइड व फ्युरोसेमाइड या जोड्याही एकाच औषधाच्या आहेत. अमेरिकन पाठ्यपुस्तक हाती असलेल्या विद्यार्थिनीस सूचीत पेथिडीन सापडत नाही, याचे कारण येथेच आहे. अशा दुहेरी नावांची यादी प्रथम वर्षातच तयार करून वहीत ठेवणे हितावह ठरते.

नामसादृश्याचा धोका :

दिसण्यात वा उच्चारण्यात सारखी असणारी नावे हा औषधचुकांचा जगभर मान्य झालेला एक स्रोत आहे. डोपामाइन व डोब्युटामाइन, व्हिनक्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन, क्लोरप्रोमाझिन व क्लोरप्रोपामाइड ही त्याची नित्याची उदाहरणे. शेवटच्या जोडीतील पहिले औषध मनोविकारांवरील, तर दुसरे मधुमेहावरील आहे. ते मधुमेह नसलेल्या रुग्णास दिले गेल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. अमेरिकेत ओमेप्राझोलचे 'लोसेक' हे व्यापारी नाव 'लॅसिक्स' या फ्युरोसेमाइडच्या नावाशी गोंधळ होत असल्याने १९९० मध्ये बदलून 'प्रायलोसेक' करावे लागले.

इंग्रजीत अशा नावांतील भिन्न भाग मोठ्या अक्षरांत छापून फरक ठळक करण्याची पद्धत आहे. देवनागरीत मोठी व लहान लिपी असा भेद नसल्याने मराठीतून टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्यांना हा उपाय उपलब्ध नाही. त्यांनी औषधाच्या नावापुढे त्याचा गट वा उपयोग लिहावा, हा त्यावरील साधा पर्याय होय. दूरध्वनीवरून मिळालेली सूचना लिहून घेऊन ती परत वाचून दाखविणे व नावाचे स्पेलिंग उच्चारून खात्री करणे हेही तितकेच आवश्यक आहे.

भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मलेरियावरील 'फाल्सिगो' व 'फाल्सिटॅब' या दोन व्यापारी नावांच्या वादात न्यायालयाने २००१ मध्ये असे प्रतिपादन केले की, नामसादृश्याचा निकष औषधांच्या बाबतीत इतर वस्तूंपेक्षा अधिक कठोर असावा. दोन्ही औषधे एकाच आजारावरील असली तरी त्यांचे घटक भिन्न होते. देशातील भाषिक विविधता व इंग्रजी न जाणणारा मोठा वर्ग यांचाही न्यायालयाने विचार केला. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, प्रस्तावित व्यापारी नाव वा त्यासारखे नाव बाजारात अस्तित्वात नसल्याचे हमीपत्र उत्पादकाकडून घेण्याची तरतूद करण्यात आली. हमीपत्र उत्पादकाने द्यावयाचे असल्याने वॉर्डमधील दक्षतेची गरज त्यामुळे संपत नाही.

कायदेशीर नियमन :

औषधविषयक कायदे बहुधा दुर्घटनांनंतर कठोर झाले आहेत. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे 'एलिक्झिर' घेतल्याने शंभराहून अधिक व्यक्ती दगावल्या. त्यात द्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल हे विष वापरले होते. विक्रीपूर्वी सुरक्षितता तपासण्याचे बंधन तत्कालीन कायद्यात नव्हते. 'एलिक्झिर' या नावाने मद्यार्कयुक्त द्रावण सूचित होते आणि प्रत्यक्षात त्यात मद्यार्क नव्हता, या नामविषयक त्रुटीच्या आधारेच ते जप्त करता आले. १९३८ चा अमेरिकन कायदा या घटनेची परिणती होय. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनच्या रूपाने पोहोचले व १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील याच घटकाने बालकांचे बळी घेतले. त्यांपैकी अनेकांवर नागपूर येथे उपचार झाले होते. कायदा अस्तित्वात असणे व तो प्रत्येक बाटलीपर्यंत पोहोचणे यांतील अंतर या घटनांतून दिसून येते.

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम हा नियमनाचा पाया आहे. केंद्रात केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना नवीन औषधांना मान्यता देते व आयातीवर नियंत्रण ठेवते, तर उत्पादन व विक्रीचे परवाने प्रामुख्याने राज्य यंत्रणा देते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. दुसऱ्या औषधाच्या नावाने तयार केलेले औषध अधिनियमानुसार बनावट ठरते, म्हणजेच नाव हा येथे कायद्याचाही विषय आहे.

परिचारिकेच्या दृष्टीने नियमांतील पुढील परिशिष्टे महत्त्वाची आहेत.

अ) परिशिष्ट एच : नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधे. लेबलवर 'आरएक्स' हे चिन्ह असते.
आ) परिशिष्ट एच-१ : ऑगस्ट २०१३ मध्ये अधिसूचित होऊन १ मार्च २०१४ पासून लागू झाले. यात प्रामुख्याने उच्च श्रेणीची प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व सवय लावणारी काही औषधे येतात. विक्रेत्याने स्वतंत्र नोंदवहीत डॉक्टर, रुग्ण, औषध व परिमाण लिहून ती तीन वर्षे जतन करावयाची असते.
इ) परिशिष्ट एक्स : केटामाइन, मेथिलफेनिडेट इत्यादी. लेबलवर 'एक्सआरएक्स' असते व चिठ्ठी दोन प्रतींत लागते.
ई) अमली पदार्थ : मॉर्फिनसारखी औषधे १९८५ च्या स्वतंत्र अधिनियमाखाली येतात व 'एनआरएक्स' या चिन्हाने ओळखली जातात. वॉर्डमध्ये ती कुलूपबंद ठेवणे, पाळी बदलताना मोजणे व उरलेल्या भागाची साक्षीदारासह नोंद करणे या प्रथेचा उगम या कठोर नियंत्रणात आहे.

२०१८ च्या दुरुस्तीनुसार एकल घटक असलेल्या औषधाच्या लेबलवर मूळ नाव व्यापारी नावापेक्षा किमान दोन टंक-आकारांनी मोठे छापणे बंधनकारक झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख व्यापारी नावांच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा करण्यात आला आहे. लेबलवरील ठळक मजकूर म्हणजे व्यापारी नाव, ही जुनी समजूत यामुळे बदलणे आवश्यक आहे.

केवळ नाव पुरेसे नाही :

नाव अचूक असूनही सौम्यता वा स्वरूप भिन्न असल्यास अनर्थ घडतो. भारतात इन्सुलिनची व्हायल प्रति मिलिलिटर ४० एकक व १०० एकक अशा दोन सौम्यतांत मिळते. ४० एककांची सिरिंज लाल टोपणाची, तर १०० एककांची नारिंगी टोपणाची असते. २० एककांची मात्रा सांगितली असता १०० एककांच्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध घेतल्यास अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० एकक इन्सुलिन शरीरात जाते. उलट अदलाबदलीत केवळ ८ एकक जाते. त्याचप्रमाणे ॲम्फोटेरिसिन-बी या नावाखाली पारंपरिक व लायपोसोमल असे प्रकार आहेत. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत महाराष्ट्राला परिचित झालेल्या या औषधाची लायपोसोमल स्वरूपातील मात्रा प्रति किलो ५ मिलिग्रॅमपर्यंत दिली जाते, तर पारंपरिक स्वरूपात दैनिक मात्रा प्रति किलो १.५ मिलिग्रॅमहून अधिक देऊ नये असा दंडक आहे.

रुग्णशिक्षणातही नावांचे ज्ञान उपयोगी पडते. जनऔषधी केंद्रातील पॅरासिटामॉल, घरात असलेली व्यापारी नावाची गोळी आणि सर्दीवरील मिश्र औषध हे तिन्ही एकाच वेळी घेणारा रुग्ण एकच औषध तिप्पट घेत असतो, याची त्याला कल्पना नसते. प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली गेल्यास यकृतास गंभीर इजा होऊ शकते.

संदर्भसाधने :

संदर्भसाधनांचा उपयोग करताना प्रत्येकाचा हेतू ध्यानात घ्यावा. भारतीय औषधसंहिता (पहिली आवृत्ती १९५५) ही औषधाची शुद्धता व गुणवत्ता यांची कायदेशीर मानके सांगते. लेबलवरील नावापुढील 'आय.पी.' ही अक्षरे या मानकाची निदर्शक असतात. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग ती प्रसिद्ध करतो. रुग्णास मात्रा किती द्यावी हे तिच्यात शोधणे योग्य नव्हे. त्यासाठी याच आयोगाची नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया आहे, जी उपयोग, मात्रा, निषिद्धता व दक्षता यांची माहिती देते. अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय सूची प्रथम १९९६ मध्ये तयार झाली. तिच्या २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधे आहेत.

औषधशास्त्राचे पाठ्यपुस्तक क्रिया समजण्यासाठी, वेष्टनातील माहितीपत्रक विशिष्ट उत्पादन विरघळविणे, साठविणे व देण्याचा वेग जाणण्यासाठी, तर व्यापारी सूच्या नावावरून घटक शोधण्यासाठी उपयुक्त ठरतात. व्यापारी सूच्यांत माहिती संक्षिप्त असते, त्यामुळे अंतिम निर्णय केवळ त्यांवर अवलंबून ठेवू नये. मोबाइलवरील साधने वापरताना ती कोणत्या देशासाठी तयार केली आहेत व शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, हे पाहणे अगत्याचे आहे. रुग्णालयाची स्वतःची औषधसूची असल्यास ती प्रथम पाहावी.

परिचारिका ही माहितीची केवळ ग्राहक नसून स्रोतही आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमात औषधाचा दुष्परिणाम परिचारिकेसही नोंदविता येतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

निष्कर्ष :

१. औषध मूळ नावाने ओळखणे व प्रत्यय पूर्ण वाचणे ही सुरक्षित परिचर्येची पहिली पायरी आहे.
२. नावाबरोबर सौम्यता, स्वरूप व मार्ग तपासल्याशिवाय 'योग्य औषध' ही अट पूर्ण होत नाही.
३. लेबलवरील चिन्हे हे कायद्याचे संक्षिप्त रूप असून त्यांचा अर्थ विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकातून शिकविणे इष्ट आहे.
४. कोणता प्रश्न कोणत्या संदर्भग्रंथास विचारावा, हे अध्यापनाचे स्वतंत्र उद्दिष्ट असावे.

औषधांची संख्या वाढत राहील व नावेही बदलत राहतील. सर्व नावे पाठ असणे कोणासही शक्य नाही. शंका आली असता हात थांबविणे, लेबल पुन्हा वाचणे आणि विश्वसनीय ग्रंथ उघडणे किंवा डॉक्टरांना विचारणे ही सवय विद्यार्थिदशेतच लागली, तर ती पुढे प्रत्येक रुग्णाच्या उपयोगी पडेल.