मुलांचे चित्र मुलांनाच काढू द्या

प्राथमिक शाळेतील चित्रकलेची कोणतीही वही उघडून पाहावी. दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि आकाशात मराठी चार आकड्यासारखे पक्षी! ज्या गावात नारळाचे एकही झाड नाही, तेथील मूलही हेच चित्र काढते. कारण ते चित्र त्याचे नसतेच. ते फळ्यावरचे असते.

वास्तविक लहान मूल नक्कल करण्यासाठी चित्र काढीत नाही, तर सांगण्यासाठी काढते. त्याच्या चित्रात आई घरापेक्षा मोठी असते, कारण त्याच्या लेखी ती मोठीच आहे. घराच्या भिंतीतून आतली चूल दिसते, कारण ती तेथे आहे हे त्याला ठाऊक असते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या शिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, मुलांची चित्रे वयानुसार कशी बदलत जातात हे दाखवून दिले. दोन ते चार वर्षांच्या मुलाच्या रेघोट्या हीसुद्धा त्यातील एक पायरीच होय. त्यांना 'चूक' म्हणणे म्हणजे रांगणाऱ्या मुलाला चालता येत नाही म्हणून रागावण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल, खेड्यातील शाळेत रंग कोठून आणायचे? आपल्या महाराष्ट्रानेच याचे उत्तर दिलेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. पाने, बिया, शिंपले, खडे हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. त्याच भागातील वारली चित्रकार गेरूने सारवलेल्या भिंतीवर, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, तांदळाच्या पिठाची चित्रे काढतात. माझी आई शाळेत गेलेली नाही. पण दिवाळीत ती रोज निराळी रांगोळी काढते, तीही कोणत्या पुस्तकात न पाहता. कल्पकता विकत आणावी लागत नाही.

चाळीस मुलांच्या वर्गातही सहज करता येतील असे काही उपक्रम पाहू.

ठसेकाम : भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा तयार होतो. गेरू, हळद, नीळ पाण्यात कालवून रंग करावा. हळदीच्या पाण्यात कपड्याच्या साबणाचे पाणी घातले की ते तांबूस होते, हे मुलांनाच शोधू द्यावे.

फाटक्या कागदांचे चित्र : जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे कात्रीशिवाय, हातानेच फाडावेत. वेडावाकडा तुकडा पाहून मुलाला कधी ढग सुचतो, कधी म्हैस. मग खळीने तो कागदावर चिकटवावा.

मातीकाम : पोळ्याच्या सुमारास बैल सगळेच करतात. त्याऐवजी 'बाजारातून परतणारी माणसे' असा विषय द्यावा. पाच-पाच मुलांचे गट केले म्हणजे माती पुरते आणि भांडणही मिटते.

अर्धी गोष्ट : शिक्षकांनी गोष्ट मध्येच थांबवावी व पुढचे चित्रातून सांगण्यास सांगावे. चाळीस मुलांची चाळीस चित्रे निराळी आली, तर तास सार्थकी लागला असे समजावे.

उपक्रमाइतकेच महत्त्व शिक्षकांच्या बोलण्याला आहे. 'हे काय काढलेस?' असे दरडावून विचारण्यापेक्षा 'याची गोष्ट सांग बरे' असे म्हणावे. मुलाच्या चित्रावर स्वतःची पेन्सिल फिरवू नये, पहिला-दुसरा नंबर काढू नये, आणि सर्वांची चित्रे भिंतीवर लावावीत. प्रमाणभाषेत उत्तर देताना अडखळणारे, घरी कोणी न शिकलेले मूल अशा वेळी आपले चित्र दाखवून भरभरून बोलू लागते. त्याच्या दृष्टीने शाळा 'आपली' होण्याचा तो पहिला दिवस असतो.

हा प्रश्न केवळ चित्रकलेच्या तासाचा नाही. फळ्यावरचा डोंगर उतरवून घेण्याची सवय पुढे गाईडमधील उत्तर उतरवून घेण्यापर्यंत जाते, हे आपण कॉलेजात रोजच पाहतो. स्वतःचे काही सांगण्याचे धैर्य विसाव्या वर्षी एकाएकी येत नाही. ते सहाव्या वर्षी जपावे लागते. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, पालक तर बहुतेक सर्वच. तेव्हा मुलापुढे कोरा कागद ठेवावा आणि आपण थोडे बाजूला सरकून बसावे.