दाबोळी ते मोपा : अंतर किती, वेळ किती?

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी वास्कोजवळ आहे. पेडणे तालुक्यातल्या मोप्याचा मनोहर विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' असते. म्हणून कोड पाहावाच. दाबोळीचा जीओआय, मोप्याचा जीओएक्स.

सरळ रेषेत दोघांत साधारण 40 किलोमीटर आहेत, पण रस्त्याने ते 60 च्या पुढे जातात. वाटेत जुवारी आणि मांडवी या दोन मोठ्या नद्या आहेत. कुठ्ठाळीला जुवारीचा पूल, मग पणजी, पर्वरी, म्हापसा, कोलवाळ, धारगळ. रस्ता मोकळा असेल तर दीड तास. मात्र संध्याकाळी पणजी-पर्वरीच्या पट्ट्यात गाड्या तुंबतात, तेव्हा दोन तासही पुरत नाहीत. डिसेंबरअखेरच्या गर्दीत तर नकाशावरच्या वेळेवर विसंबूच नये.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचे असेल, तर मध्ये किमान पाच तास ठेवा: सामान घेणे, रस्ता, पुन्हा तपासणी. सिंधुदुर्गातल्या मंडळींना मोपा फार सोयीचा. बांदा, सावंतवाडी तिथून जवळ. मडगाव, काणकोणकडच्यांना मात्र दाबोळीच बरी.