वॅटचा हिशेब: लॅपटॉपमधल्या चिपांची चढाओढ

विसरवाडी हे आमचे गाव नवापूर तालुक्यात, धुळे-सुरत महामार्गावर. पुतणीला इथे दाखले, ऑनलाइन अर्ज आणि छपाईचे केंद्र सुरू करायचे होते. बचत गटाचे कर्ज मंजूर झाले आणि तिने विचारले, "काका, इंटेल घेऊ, एएमडी घेऊ की स्नॅपड्रॅगन? दुकानदार तर तिन्ही चांगले म्हणतो." लॅपटॉप चुकला तरी हप्ता चुकणार नव्हता. म्हणून मी या तिघांची चढाओढ मुळापासून समजून घ्यायला बसलो.

इंटेलने १९७८ मध्ये ८०८६ ही चिप काढली. तिच्या वंशजांना समजणाऱ्या आज्ञांच्या भाषेला 'एक्स८६' म्हणतात. आयबीएमला आपल्या संगणकासाठी एकाच पुरवठादारावर विसंबायचे नव्हते, म्हणून १९८२ च्या करारानुसार एएमडीही त्या चिपा बनवू लागली. पुढे दोघांत वैर आले. पुण्यात जन्मलेले विनोद धाम इंटेलमध्ये १९९३ च्या पेंटियमचे जनक म्हणून नावाजले गेले. १९९५ मध्ये ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि १९९७ मध्ये पेंटियमशी झुंजणारी के६ चिप बाजारात आली.

तेव्हाची शर्यत वेगाची होती. मार्च २००० मध्ये दोन्ही कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने एक गिगाहर्ट्झचा टप्पा जाहीर केला. पण चिपला लागणारी वीज वेगाबरोबर वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो. म्हणजे थोड्या जादा वेगासाठी विजेचा आणि उष्णतेचा भुर्दंड मोठा. २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' नावाची नियोजित चिप रद्द केली, त्यामागे हेच मुख्य कारण होते. तेव्हापासून एका चिपवर अनेक गाभे बसवण्याकडे कल वळला.

नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ चिप आणली आणि एका वॅटमध्ये किती काम होते, हा प्रश्न पुढे आला. ती आर्म या वेगळ्या आज्ञाभाषेवर चालते, आपल्या मोबाइलसारखी. जून २०२४ मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप आले, जुलैमध्ये एएमडीची रायझेन एआय ३०० मालिका आणि सप्टेंबरमध्ये इंटेलची ल्युनार लेक. ल्युनार लेकचा मुख्य भाग इंटेलने तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेतला.

या चढाओढीचा आमच्या गावाला काय उपयोग? बॅटरी ६० वॅट-तासांची धरा. लॅपटॉप सरासरी २० वॅट खात असेल तर ती तीन तास टिकते, सहा वॅट खात असेल तर दहा तास. पावसाळ्यात दुपारी वीज गेली की दारात दाखल्यासाठी आलेला माणूस परत पाठवायचा की नाही, हे या भागाकारावर ठरते.

मग सरळ स्नॅपड्रॅगन का नको? इथे भाषेचा प्रश्न येतो. एक्स८६ साठी लिहिलेले प्रोग्राम आर्मवर दुभाष्यामार्फत चालतात. आमच्या बाजारात मावची आणि गुजराती बोलणाऱ्यांचा व्यवहार दुभाष्याने होतो, तसेच हे. पण प्रिंटर किंवा ठसे घेण्याचे यंत्र चालवणारा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो आणि तिथे दुभाष्याला प्रवेश नाही. आर्मसाठी लिहिलेला ड्रायव्हर नसेल, तर यंत्र चालत नाही. पुतणीकडच्या ठसा-यंत्राच्या माहितीपत्रकात आर्मचा उल्लेखच नव्हता.

आणखी एक खाचखळगा. ल्युनार लेकमध्ये मेमरी चिपच्या वेष्टनातच बसवलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून १६ की ३२ जीबी हे खरेदीच्या दिवशीच ठरवावे लागते.

पुतणीने अखेर कमी वीज खाणारा, मेमरी वाढवता येणारा एक्स८६ लॅपटॉप घेतला. त्याआधी ठसा-यंत्र आणि प्रिंटर पिशवीत घालून ती दुकानात गेली आणि दोन्ही जोडून, चालवून पाहिल्यावरच पैसे दिले. एखादी चिप किती वेगवान, हे जाहिरात सांगते. आपले यंत्र तिच्यावर चालते का, हे मात्र आपणच पाहून घ्यावे.