विजेची मोटार आणि दूरची धूळ

घरात दम्याचे किंवा हृदयविकाराचे वडीलधारे असले, की मुले हल्ली हमखास विचारतात : ‘‘डॉक्टर, विजेची मोटार घेतली तर बाबांच्या छातीला बरे पडेल का?’’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

विजेच्या मोटारीतून नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळीचे सूक्ष्म कण बाहेर पडत नाहीत, हा खरा लाभ आहे. वेग कमी करताना मोटरच गाडीला आवरते, त्यामुळे ब्रेकची धूळही कमी होते. टायरची झीज मात्र बॅटरीच्या वजनामुळे वाढू शकते. शिवाय बाबा ज्या हवेत श्वास घेतात, ती सगळ्या रस्त्याची असते. म्हणून एका गाडीच्या भरवशावर त्यांचा इनहेलर बंद करू नये.

आपल्या गल्लीतला धूर कमी झाला, तरी त्याचा काही भार दुसऱ्यांच्या छातीवर जातो, हेही जाणून घ्यावे. भारतातील सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर तयार होते. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांच्या परिसरातील लोक तो धूर आणि राख सोसतात. बॅटरीतील कोबाल्टचा जगातील बहुतांश पुरवठा काँगोतून होतो. तेथे हाताने खोदकाम करणाऱ्या मजुरांत मुलेही आढळली आहेत. कोबाल्टची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना इजा होते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात लिथियमसाठी जमिनीखालचे खारे पाणी उपसून उन्हात आटवतात. त्या कोरड्या प्रदेशातील रहिवाशांना आपल्या पाण्याची चिंता वाटते.

पुरवठ्याची दोरीही मोजक्या हातांत आहे. मोटरमधील शक्तिशाली चुंबकांना लागणारी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये शुद्ध करण्याच्या कामात चीनचे वर्चस्व आहे. एप्रिल 2025 मध्ये त्या देशाने यांतील काही मूलद्रव्यांच्या व चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि भारतीय वाहन उद्योगालाही टंचाई जाणवली. 2023 मध्ये जम्मूतील रियासी येथे लिथियमचे साठे असल्याचे जाहीर झाले. परंतु साठा सापडणे आणि त्यातून बॅटरी बनणे यांत बरेच अंतर असते.

मग कुटुंबाने काय करावे? बॅटरी बनवतानाच बराच कार्बन खर्ची पडतो. गाडी पुष्कळ धावली तरच तो भरून निघतो. महिन्यातून चार वेळा दवाखान्यात आणि देवळात जाणाऱ्या दांपत्याने सुस्थितीतील गाडी मोडून नवी घेण्याची घाई करू नये. रोजचा प्रवास मोठा असेल, तर विजेची गाडी जरूर घ्यावी; मात्र गरजेपुरतीच बॅटरी निवडावी. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट आणि निकेल नसते, म्हणून विक्रेत्याला बॅटरीचा प्रकार अवश्य विचारावा. चार्जिंगसाठी अर्थिंगसह स्वतंत्र जोडणी घ्यावी, एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

निकामी बॅटरी भंगारवाल्याकडे देऊ नये. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तिच्यातील धातू पुन्हा वापरात आले, तर तेवढ्यापुरते नवे खोदकाम टळते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या श्वासाची काळजी वाहताना इतरांच्या श्वासासाठी एवढे तरी आपल्याला करता येते.