प्रोग्रामला ठाऊक नसलेली गोष्ट

मालवणच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात ‘टी’ मागितली की पीव्हीसीचा तीन तोंडांचा जोड मिळतो. माडांना पाणी नेणाऱ्या पाइपमध्ये तो बसवला की एक धार सरळ जाते, दुसरी बाजूला वळते. लिनक्सच्या टर्मिनलवरही ‘टी’ (tee) नावाची आज्ञा आहे आणि तिचं नाव नळजोडणीतल्या याच तुकड्यावरून आलंय. प्रोग्राम बागेतल्या पाइपच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडता यावेत, असं बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ते लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्समध्ये उतरवलं. त्या जोडाची खूण म्हणजे | ही उभी रेघ.

पावसाळ्यात किनाऱ्यावर नेट सारखं येतं-जातं. दूरच्या संगणकाला सारखी हाक मारणारी ‘पिंग’ ही आज्ञा चालू ठेवली तर साधारण दर सेकंदाला क्रमांकासह एक ओळ उमटते. मधले क्रमांक गळले की तेवढा वेळ उत्तर आलं नाही, असं समजायचं. ‘पिंग’च्या आज्ञेपुढे ‘| tee नोंद’ जोडा. ओळी पडद्यावर दिसतात आणि त्याच वेळी ‘नोंद’ नावाच्या फाइलीतही उतरतात. फाइलीचं नाव देवनागरीत चालतं, हे मला फार आवडतं.

खरं नवल पुढेच आहे. आपलं लिखाण कुठे चाललंय, हे ‘पिंग’ला सांगावंच लागत नाही. प्रत्येक प्रोग्रामला सुरू होताना तीन क्रमांकांची दारं उघडी मिळतात: ० मधून आत घ्यायचं, १ मधून उत्तर द्यायचं, २ मधून तक्रार करायची. दारापलीकडे पडदा आहे, फाइल आहे की दुसरा प्रोग्राम, हे आपली आज्ञा वाचून प्रोग्राम सुरू करणाऱ्या शेलनं आधीच ठरवलेलं असतं. म्हणून पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रामही आजच्या प्रोग्रामला बिनबोभाट जोडता येतो. तक्रारीचं दार वेगळं ठेवलंय, त्यामुळे उभी रेघ ती उचलत नाही; तीही नोंदीत हवी असेल तर रेघेआधी 2>&1 लिहायचं, म्हणजे २ क्रमांकाचं दार १ च्या वाटेला लागतं.

ही जोडणी आधी होते, प्रोग्राम नंतर धावतो. म्हणूनच > ही उत्तर फाइलीत वळवणारी खूण वापरली की आज्ञा सुरू होण्यापूर्वीच फाइल रिकामी होते. मग आज्ञा चुकीची का असेना. जुनी नोंद राखायची असेल तर >> लिहा आणि ‘टी’ला -a हा पर्याय द्या.