कशावर ट्रिप होतोय?

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचं पहिलं युनिट १९७० साली सुरू झालं, दुसरं १९७१ साली. प्रत्येकी १४० मेगावॉटचं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे नाशिकरोडच्या पलीकडे चिमणीतून धूर निघू लागला तेव्हा महाराष्ट्रात टीव्हीवर बघायला काही नव्हतंच. पुढे २१० मेगावॉटची तीन युनिटं १९७९, १९८० आणि १९८१ अशी ओळीने आली. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आलं, १९८४ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभारण्याचा सपाटा लागला आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना दिसू लागले. वीज केंद्राची वसाहत आणि टीव्ही एकदमच वयात आले.

त्या काळाबद्दल लिहायला बसलेला प्रत्येक जण १९८७ सालच्या ‘रामायणा’च्या रविवारांवर येऊन थांबतो. मला त्या रविवारी ऐन वेळी रुसलेल्या सेटांबद्दल लिहायचंय. पूर्ण बंद पडलेला सेट परवडला. फ्यूज गेलेला असतो, नाहीतर काहीतरी सरळ जळालेलं असतं. डोकं खातो तो चालू होणारा, बंद होणारा, पुन्हा आपोआप चालू होणारा सेट. दुकानात नेला की तो शहाण्यासारखा तासभर चालतो आणि घरी आणला की पाहुण्यांसमोर अब्रू घालवतो.

वीज केंद्रात काम करणाऱ्यांना हा प्रकार इतरांपेक्षा लवकर उमगायचा. मिनिटाला ३००० फेरे घेणारं टर्बाइन व्हॅक्यूम पडला, वंगणाच्या तेलाचा दाब उतरला किंवा बॉयलरच्या ड्रममधलं पाणी हद्दीबाहेर गेलं की स्वतःहून ट्रिप होतं. ते बिघडलं म्हणून थांबत नाही, बिघडू नये म्हणून थांबतं. ट्रिपनंतर पहिला प्रश्न असतो, कशावर ट्रिप झालं? ते कळल्याशिवाय पुन्हा चालू करायचं नाही. घरचा टीव्ही चालू-बंद करू लागला की शिफ्टवरून आलेली माणसं हाच प्रश्न विचारायची. बाकी महाराष्ट्र तेव्हा सेटच्या डाव्या अंगाला थप्पड मारत होता.

थप्पड अगदीच वाया जात नसे, हेही सांगायला हवं. वेस्टन, टेलिव्हिस्टा, क्राउन, ईसी, डायनोरा हे सेट मोठ्या लाकडी पेटीत यायचे, काहींना सरकती दारंही असायची. आत एलओटी नावाचा जड ट्रान्सफॉर्मर. आपल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत तो सेकंदाला १५,६२५ वेळा धक्के घेतो आणि पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवतो. रंगीत ट्यूब असेल तर जवळजवळ २५ हजार. त्याची बारीक शिट्टी लहान मुलांना ऐकू यायची, मोठ्यांना सहसा नाही. जड वस्तू, तिला उष्णता, आणि तिचे पाय बोर्डाला धरून ठेवणारं नुसतं सोल्डर. सेट तापला की पाय ताणले जात, थंड झाला की सैल पडत. चार-पाच वर्षांत पायाभोवती केसासारखी गोल चीर पडायची. हाच तो सुप्रसिद्ध ‘ड्राय सोल्डर’. अर्धा तास चित्र, मग अंधार, थंड झाल्यावर पुन्हा चित्र. थप्पड मारली की चिरेच्या दोन्ही कडा क्षणभर भेटायच्या.

चांगला मेकॅनिक थप्पड मारत नसे. तो स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने बोर्डाच्या एकेका कोपऱ्यावर हलकं टकटक करत जायचा, चित्र हललं तिथे थांबायचा, बोर्ड उलटा करून भिंगातून बघायचा, जुनं सोल्डर ओढून काढून नवं मारायचा. पार्ट एकही बदललेला नाही, मग मजुरी कसली, हा वाद त्याच्या दुकानात नेहमीचा. मला तो वाद आजही मेकॅनिकच्या बाजूने लढवावासा वाटतो. चीर कुठे आहे हे शोधण्याचेच ते पैसे होते.

दुसरं कारण सेटच्या बाहेर होतं, आणि एकलहऱ्याच्या बाबतीत ते जरा लाजिरवाणं होतं. २१० मेगावॉटच्या जनित्रात वीज १५.७५ किलोव्होल्टवर तयार होते, यार्डात तिचा दाब चढवला जातो आणि ती उच्चदाबाच्या तारांवरून लांब निघून जाते. शेजारच्या सामनगाव, हिंगणवेढ्याच्या घरात वीज येते ती केंद्र जवळ आहे म्हणून तिथून थेट येत नाही. ती उपकेंद्र आणि डीपी असा वळसा घालून येते आणि संध्याकाळी पाण्याच्या मोटारी लागल्या की दाब कोसळतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. म्हणून प्रत्येक टीव्हीखाली स्टॅबिलायझरचा डबा असायचा. त्यातली रिले दाब सावरताना टक् टक् करायची, आणि दाब फारच पडला की डबाच सेट बंद करायचा. तक्रार मात्र टीव्हीच्या नावावर. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन केंद्र महानिर्मितीकडे गेलं, त्यानंतरची काही वर्षं तर भारनियमनाचं वेळापत्रकच पाठ असायचं. वीज जाताना आणि येताना बसणाऱ्या झटक्यांनी किती सेट आजारी पाडले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

रंगीत सेटांबरोबर नवा सप्लाय आला: एसएमपीएस. ९० व्होल्टपासून २७० पर्यंत काहीही चालेल, अशी त्याची जाहिरात असायची. स्टॅबिलायझर हळूहळू माळ्यावर गेला, पण चालू-बंद होणं संपलं नाही. आता सेट स्वतःच ट्रिप होऊ लागला.

हा भाग मला या सगळ्या गोष्टीत सर्वात देखणा वाटतो. यूसी ३८४२ हा त्या काळापासून आजपर्यंत असंख्य सप्लायमध्ये बसलेला आठ पायांचा आयसी घ्या. प्लग लावला की मुख्य फिल्टरवर साधारण ३०० व्होल्ट डीसी साठतो. तिथून एका मोठ्या रेझिस्टरमधून थेंबथेंब करंट एका छोट्या कंडेन्सरमध्ये भरतो. त्यावर १६ व्होल्ट झाले की आयसी जागा होतो आणि सप्लाय चालू करतो. त्यापुढे त्याचं पोट ट्रान्सफॉर्मरच्या स्वतंत्र वळणातून भरायला हवं. ते भरलं नाही आणि कंडेन्सर १० व्होल्टच्या खाली गेला, तर आयसी झोपतो. पुन्हा थेंबथेंब, पुन्हा १६, पुन्हा जाग. बाहेर बसलेल्या माणसाला ऐकू येतं, टिक्... टिक्... टिक्, आणि लाल दिवा लुकलुकताना दिसतो. पुढे कुठे शॉर्ट असेल तरी असंच होतं: आयसी करंट मोजतो, जास्त दिसला की हात काढून घेतो, थोड्या वेळाने पुन्हा बघतो.

म्हणजे एकाच टिकटिकीची दोन कारणं. पुढे ओझं जास्त आहे, की मागे सप्लायच अशक्त आहे? इथे दुकानातला बल्ब कामाला यायचा. ‘सिरीज’ म्हणजे लाकडी पाटीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि १०० वॉटचा पिवळा बल्ब. सेटला वीज या बल्बमधून द्यायची. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर पहिल्या बाजूलाच शॉर्ट. क्षणभर उजळून मंद झाला तर फिल्टर भरला, सप्लाय ठीक दिसतोय. आणि उजळतोय, मंदावतोय, उजळतोय असा श्वास घेत राहिला तर सेट हिचकी देतोय. मग दुसरा बल्ब. एलओटीकडे जाणारी लाइन तोडून तिच्या जागी ६० वॉटचा बल्ब लावायचा. त्यावर ११० च्या आसपास व्होल्ट स्थिर राहिले, तर सप्लाय निर्दोष. दोषी एलओटी किंवा बीयू ५०८ सारखा आउटपुट ट्रान्झिस्टर. तरीही टिकटिक, तर सप्लायमध्येच शोधा. दोन बल्बांत निम्मा सेट संशयातून मुक्त. एलईडी दिवे आल्यापासून हा साधा तंतूचा बल्ब मिळवणं हेच एक काम होऊन बसलंय.

सप्लायमध्ये बहुतेकदा सापडायचा तो वर सांगितलेला छोटा कंडेन्सर, ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, किंमत चहाच्या कपापेक्षा कमी. कारखान्यात तो हीटसिंकला चिकटून बसवलेला. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आतला द्रव आटतो. साध्या मीटरवर तो कित्येकदा ठीकच दाखवतो, कारण क्षमता शाबूत असते, अंतर्गत रोध तेवढा वाढलेला असतो. म्हणून जुने मेकॅनिक केस वाळवायचं यंत्र जवळ ठेवत. कंडेन्सरवर गरम हवा मारली आणि हटून बसलेला सेट चालू झाला, की निदान पक्कं. बदलताना ८५ अंशांचा काढून १०५ अंशांचा लावायचा. असा माल एरवी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून मूठमूठ आणून ठेवलेला असे.

एलसीडी आले तेव्हा हा कंडेन्सर जगभर बदनाम झाला. २००० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या कितीतरी उपकरणांत कंडेन्सरांची डोकी फुगून आली. सॅमसंगच्या काही एलसीडी संचांत चालू व्हायला वेळ लागणं, टक् टक् करत चालू-बंद होणं अशा तक्रारींवरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१२ साली दुरुस्तीची तडजोड झाली. आपल्याकडे दावाबिवा नाही. लोक सेट रिक्षात घालून दुकानात आणत होते आणि मेकॅनिक झाकण उघडून फुगलेल्या टोप्या बोटाने मोजून दाखवत होता.

२०१३ च्या मार्चअखेर नाशिक शहरात केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि संशयितांत आणखी एकाची भर पडली. बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर दमला की बॉक्स पुन्हा पुन्हा सुरू होतो, पडद्यावर चित्र येतं-जातं आणि गिऱ्हाईक टीव्ही उचलून आणतं. त्यानंतर एचडीएमआय केबलवरून एक उपकरण दुसऱ्याला चालू-बंद करू लागलं. दुकानात एकटा टीव्ही नीट चालणारच, कारण त्याला काही झालेलंच नसतं. म्हणून आधी सगळ्या वायरी काढून नुसता सेट अर्धा तास चालवून बघावा, हे सांगणारा मेकॅनिक प्रामाणिक समजावा. त्यात त्याचंच गिऱ्हाईक जातं.

एकलहऱ्याची स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट या यादीत आहे: राख. चिमणीतून निसटलेली आणि राखेच्या तळ्यावरून उन्हाळ्यात उडणारी. जुन्या पिक्चर ट्यूबचा उच्चदाब ती स्वतःकडे ओढून घ्यायचा. झाकण काढलं की आत करडा थर. पावसाळ्यात कुठल्याही बोर्डावरची धूळ ओल धरते आणि जिथे वीज वाहू नये तिथे किंचित वाहू लागते. सर्वात आधी बळी पडतं ते पुढच्या पट्टीतलं पॉवरचं बारीक बटण. आत गंज आणि ओल, मग कुणी न दाबताही प्रोसेसरला वाटतं की दाबलं. तो आज्ञाधारकपणे सेट बंद करतो, पुन्हा चालू करतो. बटणांच्या पट्टीचा कनेक्टर काढून रिमोटवर चालवून बघा. खोड थांबली तर दोन-चार रुपयांचं बटण बदलायचं. याच दोषासाठी ‘मेन बोर्ड गेला’ असं ऐकून आलेली माणसं मला माहीत आहेत.

आणि माझं भांडण इथेच आहे. हल्लीच्या सेटमध्ये तीन बोर्ड, एक पॅनेल आणि मागे एलईडीच्या पट्ट्या. कंपनीकडून आलेला मुलगा लाल दिव्याची उघडझाप मोजतो, बोर्डाची किंमत सांगतो, ती नव्या सेटच्या निम्मी भरते. कशावर ट्रिप होतोय हे विचारायला त्याला वेळ दिलेलाच नसतो. कधी कधी विचारून उपयोगही नसतो, हेही खरं. कंपनीचं चिन्ह येतं, काळोख, पुन्हा चिन्ह, असा फेरा असेल तर बहुधा मेमरीतला प्रोग्रॅम खराब झालेला असतो. तिथे डाग मारून भागत नाही. त्या मॉडेलची फाइल मिळाली तर पेनड्राइव्हवरून भरायची, नाहीतर मेमरी चिप काढून नव्याने लिहायची. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावात ज्यांचे सेट बनत ती व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपन्या अशा आडव्या झाल्या की त्यांच्या सेटांत लोक चिनी युनिव्हर्सल बोर्ड बसवतात आणि सेट दुसऱ्याच भाषेत नमस्कार करत चालू होतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. सर्किटचा नकाशा गल्लीतल्या दुकानापर्यंत मात्र अजून पोचलेला नाही.

एलईडी पट्ट्यांचं दुखणं तरी अजून हाताने शोधता येतं. चित्र येऊन दोन सेकंदांत अंधार झाला आणि आवाज चालूच राहिला, तर काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. आत फिकट माणसं हलताना दिसली की पॅनेल जिवंत आहे, उजेड गेलाय. पट्टीतले दिवे एका माळेत असतात. एक गेला की माळ तुटते, ड्रायव्हर व्होल्टेज वाढवत नेतो आणि हद्द ओलांडली की उजेड तोडतो. काही सेट पूर्णच बंद होऊन पुन्हा सुरू होतात. नुसता एक दिवा बदलण्यापेक्षा पट्ट्यांचा सगळा जोड बदलावा, कारण उरलेलेही तेवढेच भाजलेले असतात. शोरूमच्या झगमगाटात उठून दिसावं म्हणून कंपनी या दिव्यांना पोटभर करंट देते. हुशार मेकॅनिक पट्ट्या बदलताना करंट ठरवणारा रेझिस्टर बदलतो आणि तो करंट वीस-तीस टक्क्यांनी उतरवून ठेवतो. दिवे थंड राहतात, सेट पुन्हा लवकर येत नाही. पडदा थोडा मंद झालाय हे गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि कुणी सांगत नाही.